विहिरीवर राहिलेली घागर

आईच्या पत्र्याच्या पेटीत बावीस वह्या होत्या, दोन लुगडी, एका बाजूची काडी दोऱ्याने बांधलेला चष्मा, मी बोर्डिंगातून पाठवलेली एकशे छत्तीस पत्रे आणि बाभळीच्या डिंकाची एक पुडी. मी सगळे सतरंजीवर मांडले आणि दोनदा मोजले. वर्षाला एक वही, बावीस वर्षे नोकरी, बावीस वह्या. हिशेब जुळत होता.

ही गोष्ट १९४४ च्या मे महिन्यातली. आई जाऊन चौदा महिने झाले होते. ती विषमज्वराने गेली. सांगलीच्या मिशनच्या आवारातली तिची खोली दुसऱ्या बाईला दिली गेली आणि पेटी शेजारच्या नर्सबाईंकडे राहिली. मी साताऱ्याला मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवते. सुट्टी लागल्यावर सांगलीला गेले आणि पेटी उघडली.

आई, हरणाबाई, बायबलबाई होती. महिन्यातले वीस दिवस ती तासगाव आणि कवठे महांकाळकडच्या वाड्यावस्त्यांतून पायी फिरायची, बायकांत बसायची, शुभवर्तमानातला एखादा भाग सांगायची. संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावर वही भरायची. वहीत मिशनने आखून दिलेले रकाने होते. त्यातली एक नोंद अशी: 'ता. ९. करंजवाडी. घरे ४. श्रोत्या ११. पाठ, योहान ४. लक्षपूर्वक ऐकले.' दुसरी नोंदही अशीच, तिसरीही. शेवटचे दोन शब्द पानापानावर होते. तीन दिवसांत मी बावीस वह्या वाचल्या. 'मी' हा शब्द मला त्यात एकदाही सापडला नाही.

मला सहाव्या वर्षी साताऱ्याच्या बोर्डिंगात ठेवले होते. वडील त्याआधीच वारले होते, आणि फिरतीच्या कामात मूल बरोबर नेता येत नव्हते. आई नाताळात आणि मे महिन्यात भेटायची. ती यायची तेव्हा थकलेली असायची. माझ्या डोक्याला तेल लावायची, परीक्षेचे गुण विचारायची आणि झोपून जायची. तिची पत्रे पोस्टकार्डावर असत. अभ्यास कर, प्रार्थना कर, थंडी आहे, पायात काही घाल. पुढे पुण्याला इंटर झाले, तिथेच रसायन घेऊन बी. एस्सी. झाले, तरी पत्रांची लांबी वाढली नाही. बावीस वर्षे दुसऱ्या बायकांपुढे बोलणारी ती बाई काय बोलत असेल, कशी बोलत असेल, हे मला ठाऊक नव्हते. मला तिचा आवाज आठवत होता. त्या आवाजातली पाच वाक्ये लिही म्हटले असते तर मी लिहू शकले नसते.

म्हणून तिचे चरित्र लिहायचे मी ठरवले.

साताऱ्यात आमच्या ख्रिस्तमंदिराच्या मागच्या खोलीत महिन्यातून दोन शनिवारी लिहिणाऱ्यांचा वर्ग भरत असे. तो केरबा साळवे मास्तर घेत. मास्तर निवृत्त मुख्याध्यापक आणि आमच्या लोकांच्या एका लहान मासिकाचे संपादक. युद्धामुळे कागद मिळेना, मासिकाची सोळा पाने आता आठ झाली होती. वर्गात आम्ही सातजण होतो, आणि सगळे जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत असू. मास्तर म्हणत, पाने कमी झाली ही देवाची कृपाच आहे, आता तरी तुम्ही विशेषणे काढाल.

हंबीरराव नावाचे एक जुने प्रचारक वर्गाला यायचे. त्यांनी एक शेतकऱ्याची गोष्ट वाचली. मास्तर शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकत होते.

"हंबीरराव," ते म्हणाले, "तुमच्या गोष्टीत शेवटी सगळेच बाप्तिस्मा घेतात. मला बैलांची काळजी वाटायला लागली होती."

हंबीरराव सर्वांत मोठ्याने हसले आणि पुढच्या वेळी पुन्हा तशीच गोष्ट घेऊन आले.

जुलैत मी आईचे चरित्र वाचले. अकरा पाने होती. सुरुवातीला वचन, मग 'माझ्या परमपूज्य मातोश्री', मग अंधारातून प्रकाशात येणे, मग अविरत सेवा, शेवटी स्वर्गीय मुकुट. इतरांनी मान हलवली. मास्तरांनी सगळ्यांना जाऊ दिले आणि मला थांबवले.

ते म्हणाले, "लीला, यात मला एक चांगली बायबलबाई दिसली. हरणाबाई दिसली नाही. मी तिला ओळखत होतो, म्हणून सांगतो."

मी म्हटले की माझ्याकडे दुसरे काही नाही, वह्यांत एवढेच आहे.

मग ते बराच वेळ बोलले. त्यांचे म्हणणे असे होते की आपल्या लोकांना लिहिताना एक भीती असते. देवाची बाजू घ्यायची म्हणजे माणसाचे खरे झाकायचे, असे आपल्याला वाटते. म्हणून आपली सगळी चरित्रे एका साच्यातली होतात आणि सगळी माणसे बायबलच्या भाषांतरातली मराठी बोलतात, घरात सुद्धा. प्रार्थना करून लिहायला बसावे, पण ती प्रार्थना कागदावर उतरवू नये. वचन आरंभी न घालता लिहून पाहावे. वचनाशिवाय मजकूर उभा राहत नसेल तर तो वचनानेही उभा राहणार नाही. आणि जे माहीत नाही ते सुंदर शब्दांनी भरू नये, जाऊन विचारावे.

"तू शास्त्र शिकलीस ना?" ते शेवटी म्हणाले. "मग त्या वह्या भक्तीनं कशाला वाचतेस? शास्त्रानं वाच."

मी घरी आले आणि आखलेल्या कागदावर तक्ता केला. आडवी गावे, उभे पाठ. साठ-सत्तर गावे होती. बहुतेक ठिकाणी पाठ पसरलेले होते: हरवलेले मेंढरू, उधळ्या पुत्र, पेरणारा, दहा कुमारी. एका गावी मात्र तसे नव्हते. कवठे महांकाळच्या पुढच्या करंजवाडीत आई १९३२ पासून चौसष्ट वेळा गेली होती, आणि त्यांतल्या एकावन्न वेळा पाठाच्या रकान्यात 'योहान ४' होते. तपासणाऱ्या मॅडमनी तांबड्या शाईने नऊ ठिकाणी शेरा मारला होता, 'नवा पाठ घ्यावा.' त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा योहान ४.

योहानाच्या चौथ्या अध्यायात विहिरीवरच्या शोमरोनी बाईची हकीगत आहे. येशू तिच्याकडे पाणी मागतो. त्या काळी यहुदी लोक शोमरोन्यांच्या हातचे पाणी घेत नसत. बाई चकित होते, दोघांचे बोलणे होते, आणि ती घागर तिथेच टाकून गावात सांगायला जाते. मोठ्याने वाचून पाहिले, बेचाळीस वचनांना सात मिनिटे लागली. सात मिनिटांची गोष्ट एकाच वाडीत एकावन्न वेळा का सांगितली असेल, याचे कारण मला तक्त्यात मिळेना.

दिवाळीच्या सुट्टीत मी मिरजेहून लहान गाडीने कवठे महांकाळला उतरले आणि चार मैल चालत करंजवाडीला गेले. सगळा माळ. बाजरीची कापणी संपली होती. वाडीच्या अलीकडे विहीर होती, खोल, तळाला हातभर पाणी. तिथे दोन बायका शेंदत होत्या. मी हरणाबाईंची मुलगी म्हणून सांगितले, तर त्यांना ते नाव कळले नाही. मी पुस्तकाचे बोलले तेव्हा एकीने पोहरा तसाच धरून ठेवला.

"पुस्तकबाईची लेक व्हय तू? मोजनारी?"

मी मोजते हे हिला कसे ठाऊक, असे मला वाटले. पण तिने उत्तराची वाट पाहिली नाही. ती राहीबाईंना बोलवायला गेली.

राहीबाई साठीच्या असाव्यात. घरचे पाच एकर कोरडवाहू, दोन मुलगे पलटणीत. त्यांच्या अंगणात लिंबाखाली एक सपाट दगड होता. आई तिथे बसायची, ओट्यावर नाही. हे त्यांनी मला आपणहूनच सांगितले, आणि पुढे म्हणाल्या, "तवा आमी तिला वरनंच पानी वाडायचो. खोटं कशाला सांगू." बोलता बोलता त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला.

आई गेल्याचे त्यांना कुणी कळवले नव्हते. दीड वर्षे त्या वाट पाहत होत्या. मी सांगितल्यावर त्यांनी शेजारणींना हाक मारली. थोड्या वेळाने बनुबाई आल्या, मनुबाई आल्या, शेंगा फोडायला घेतलेली सुपे घेऊन आणखी चौघी आल्या. राहीबाईंनी त्यांना ते एका वाक्यात सांगितले. शेंगा फोडण्याचा आवाज थांबला आणि काही वेळाने पुन्हा सुरू झाला.

मग मी विचारले, आई इथे एकच गोष्ट का सांगत होती.

"एकच कुठली?" बनुबाई म्हणाल्या. "धा-अकरा वरसं पुरली ती."

मग त्यांनी सांगितले ते असे. पहिल्यांदा आईने विहिरीची हकीगत पुस्तकातल्यासारखी सांगितली आणि संपली म्हणून पुस्तक मिटले. तेव्हा राहीबाईंनी तिला अडवले.

"मी म्हनलं, झाली कशी? ती बाई पळाली गावात, तिची घागर विहिरीवर ऱ्हायली. त्या घागरीचं काय झालं? आमच्यात घागर इसरून कोन जातंय व्हय? आनि गेली तर तिला शिवनार कोन? ती बाटकी घागर. तुझी आई पुस्तक उघडून बोट फिरवाय लागली. लय शोधलं. म्हनली, न्हाई गं लिवलेलं. पुढच्या बारीला सांगती."

पुढच्या खेपेला आई आली आणि तिने घागरीची गोष्ट सांगितली. ती पुस्तकात नव्हती. पहिल्या दिवशी घागरीला कुणी शिवले नाही, पाण्याला आलेल्या बायका तिला वळसा घालून गेल्या. मग एक मेंढी आली आणि प्याली, मेंढीला कोण काय म्हणणार. पुढच्या महिन्यात एक आंधळा आला. त्याला घागर कुणाची हे दिसतच नव्हते. मनुबाईंचा मुलगा पलटणीत गेला त्या महिन्यात एक शिपाई आला. मनुबाईंनी हट्टच धरला होता. शिपाई दमलेला होता, त्याने घागर कुणाची हे विचारले नाही. अशी ती घागर एकेका हाताने विहिरीवरून सरकत गावाकडे यायला लागली. कधी वर्षात चार हात पुढे, कधी दोन हात मागे. बायका भांडायच्या, ह्यानं शिवलं ते बरं, त्यानं शिवलं ते बरं न्हाई, आणि आई ऐकून घ्यायची आणि पुढच्या वेळी तसा बदल करून आणायची. वहीत मात्र 'योहान ४' लिहायची, कारण दुसरा रकाना नव्हता.

मी भराभर लिहून घेत होते. एकीचे वाक्य दुसरी दुरुस्त करायची.

"आनि ती पोर ऱ्हायली की," मनुबाई म्हणाल्या.

मग राहीबाईंनी माझ्याकडे न बघता त्या पोरीचे सांगितले. एक पोर घागर उचलते. तिची आई लांबच्या गावाला कामाला, पोर शाळेत. ती चालताना पावले मोजते. विहिरीपासून आईच्या दारापर्यंत किती पावले आहेत ते तिला काढायचे असते.

मी विचारले, "किती होती?"

बनुबाई म्हणाल्या, शंभर. मनुबाई म्हणाल्या, पाचशे. राहीबाईंनी दोघींना गप्प केले.

"ती दर बारीला येगळा आकडा सांगायची. म्हनायची, पोरीचं गनित बरूबर हाय. आईच दार बदलत फिरती, म्हून चुकतंय."

मी तेही लिहून घेतले. त्या जागी माझ्या वहीत अक्षर नीट नाही.

शेवटच्या खेपेपर्यंत घागर एका घराच्या दाराशी आली होती. ते घर कुणाचे हे आईने सांगितले नव्हते. त्या दिवशी राहीबाईंनी पहिल्यांदाच तांब्या वरून न ओतता आईच्या हातात दिला होता. ती हसली आणि म्हणाली, आता घागर आत जाते का बघू. ते पुढच्या वेळेवर राहिले.

"मग?" बनुबाईंनी मला विचारले. "गेली का आत?"

मला माहीत नाही, असे मी सांगितले. त्यांचा विश्वास बसला नाही. लेकीला आईने गोष्ट सांगितली नाही असे कसे होईल, अशा नजरेने त्या बघत होत्या. ती गोष्ट मी त्या दुपारी प्रथमच ऐकत होते, हे मी त्यांना बोलून दाखवले नाही.

साताऱ्याला येऊन मी नऊ पाने लिहिली आणि मास्तरांना वाचायला दिली. लिहिताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही, ती मास्तरांच्या लक्षात आली. पानांबरोबर परत आलेली त्यांची चिठ्ठी अशी होती: 'गोष्ट सापडली. हरणाबाई अजून अर्धीच आली आहे. गोष्ट ज्यांची आहे त्यांना वाचून दाखव. त्या हसतील तिथे खूण कर. गप्प होतील तिथेही कर. माझ्यापेक्षा त्या चांगल्या संपादक आहेत.'

नाताळनंतर मी पुन्हा करंजवाडीला गेले. वारे फार होते, कागद उडायला लागले, म्हणून राहीबाईंनी आत सोप्यात घोंगडे टाकले आणि आम्ही सगळ्याजणी आत बसलो. मी वाचायला लागले. दुसऱ्याच परिच्छेदात माझी शोमरोनी बाई म्हणाली, 'हे पांथस्था, तू मजजवळ पाणी कसे मागतोस?'

बनुबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. हसू सगळ्यांत पसरले.

"ही कोन बोलतीया?" राहीबाईंनी विचारले.

"पाद्रीसाब," मनुबाई म्हणाल्या, आणि पुन्हा हशा झाला.

मीही हसले. मग लाल पेन्सिल घेऊन बसले. आई ते वाक्य कसे म्हणायची, असे विचारत गेले. 'मी कोन, तू कोन, माझ्या हातचं कसं पितूस?' मी माझे खोडले आणि ते लिहिले. पुढे जिथे जिथे त्या हसल्या तिथे खोडले. आई गोष्ट सांगताना मध्येच थांबून 'आता बोला' म्हणायची, हे त्यांना आठवले, तेही घातले. आंधळ्याच्या जागी मी चार ओळी करुणेवर लिहिल्या होत्या, तेव्हा कुणी हसले नाही, पण मनुबाईंनी सूप ओढून शेंगा फोडायला घेतल्या. त्या चार ओळी मी काढल्या.

शेवट मी केला होता. घरातून एक म्हातारी येते, घागर आत नेते, दिवा लावते, सगळे गाव जमते. आठव्या पानापासून मी तो हळू वाचला. मला तो आवडत होता. वाचून झाल्यावर सगळ्या राहीबाईंकडे बघत होत्या.

"हे तिनं सांगितलं न्हाई," राहीबाई म्हणाल्या.

मी कबूल केले की ते माझे आहे.

"चांगलं हाय. पर ते तुझं हाय. तुझं तू येगळं लिव्ह की. हे तिचं तितवरच ऱ्हाऊ दे. ऱ्हायलेलं हाय तर ऱ्हायलेलं दिसू दे."

मी दोन पाने बाजूला ठेवली. बनुबाईंना ते पटले नव्हते, त्यांना घागर आत गेलेली हवी होती, आणि त्यावर दोघींची थोडी बोलाचाली झाली. ती संपल्यावर राहीबाई मला म्हणाल्या, "आनि निगताना काय म्हनली ते कुठं लिवलंस?"

ते मला कुणी सांगितले नव्हते.

"अगं, तुला सांगितलं न्हाई व्हय?" त्यांनी मनुबाईंकडे पाहिले. मनुबाई सुपात बघत होत्या. "दारात घागर ठिवली आनि उठली. मी म्हनलं, आवं बाई, फुडं काय त्ये तरी सांगून जावा. तर म्हनली, मलाच ठावं न्हाई. उनाळ्यात लेक येनार हाय सुट्टीला. तिला समदी गोष्ट सांगती, आनि फुडं काय ते तिला इचारती. ती हुशार हाय."

मी पेन्सिल हातात धरून बसले होते. बाहेर वाऱ्याने दार दोनदा आपटले, तेव्हा एकीने उठून त्याला पाटा लावला.

मग मी ते लिहिले, त्या म्हणाल्या तसेच, आणि त्याच्यापुढे काही लिहिले नाही. पहिल्यापासून पुन्हा वाचून दाखवले. या खेपेला मला तीन ठिकाणी अडवले. तिसऱ्यांदा वाचले तेव्हा कुणी अडवले नाही.

कवठ्याच्या स्टेशनवर लहान गाडीला दोन तास उशीर होता. अजून ऊन होते. बाकावर बसून मी पाने गुडघ्यावर घेतली आणि जो शब्द त्या बायकांच्या तोंडचा नव्हता, मी जोडायला म्हणून घातला होता, त्या प्रत्येकाखाली लाल रेघ मारली. मग सगळे शब्द मोजले, आणि रेघा वेगळ्या मोजल्या. नऊ पानांची सहा झाली होती. एकूण शब्द एक हजार नऊशे चार. त्यांतले माझे दोनशे सतरा.